आधी कीर्द, मग खतावणी

मार्च २०११ मधल्या एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास मी एका पतसंस्थेची खतावणी वाचवायला गेले आणि तिची कीर्द पुसून बसले. हे दोन्ही जमाखर्चाच्या वह्यांचे शब्द तेव्हा मला नीट माहीत नव्हते. पडद्यावर तर ते नव्हतेच. तिथे होती एक काळी खिडकी, लुकलुकणारा कर्सर आणि काठोकाठ भरलेली डिस्क.

नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. ऑफिस एरंडवण्यात, एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत. खाली मालकीणबाईंची तुळस, वर आम्ही सहा जण, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे. माझ्या पदाचं नाव डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर. नाव भारदस्त होतं, पण ते मिळालं कसं ते सांगते. आधीचा मुलगा हिंजवडीला मोठ्या पगारावर गेला आणि उरलेल्यांत काळ्या पडद्याची भीती न वाटणारी मी एकटीच निघाले. बाकी सगळे माऊसवाले.

सर्व्हर म्हणजे सिनेमात दाखवतात तशी निळ्या दिव्यांची थंडगार खोली नव्हे. आमच्या बहुतेक पतसंस्थांत तो तिजोरीच्या खोलीत, जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्यांशेजारी धूळ खात बसलेला एक डबा असे. त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली, लिनक्सवर पोस्टग्रेस हा डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणारा प्रोग्रॅम. आम्ही ऑफिसातून त्यात शिरायचो. शिरणं सोपं. 'सुडो' म्हणून पोस्टग्रेस नावाच्या वापरकर्त्याचं रूप घ्यायचं आणि 'पीएसक्यूएल' या डेटाबेसशी बोलायच्या प्रोग्रॅमचं नाव लिहायचं. पासवर्डही विचारत नाही. लिनक्सने एकदा ओळख पटवली की डेटाबेसला तेवढं पुरतं, वाड्याच्या दिंडीतून आत आलेल्या माणसाला पुढे ओसरीवर कोणी नाव विचारत नाही तसं.

ऑफिसातल्या सरांनी पहिल्या आठवड्यात मला एकही आज्ञा शिकवली नाही. प्रॉम्प्टची, म्हणजे कर्सरच्या आधी दिसणाऱ्या खुणेची, शेवटची दोन चिन्हं तेवढी वाचायला लावली. '=>' दिसलं तर तुम्ही साधे वापरकर्ते. '=#' दिसलं तर सर्वाधिकारी, म्हणजे घर जाळायचीसुद्धा परवानगी असलेले. '-#' दिसलं तर वाक्य अजून पुरं झालेलं नाही. सेमीकोलन राहिलाय, आणि उत्तर येत नाही म्हणून तुम्ही उगाच एंटर बडवताय. बराबरच्या चिन्हाच्या जागी अवतरणचिन्ह आलं तर कुठेतरी अवतरण उघडलंय, मिटवलेलं नाही. "काय लिहायचं ते नंतर बघू. काय दिसतंय ते वाच आधी," हे त्यांचं पालुपद. मला वाटायचं, एवढं काय त्यात.

तर त्या मंगळवारी फोन आला. "ताई, एन्ट्री सेव्हच होत नाहीये, लाल अक्षरं येतायत." मार्चअखेर, काउंटरला रांग. मी आत शिरून मोकळी जागा किती ते विचारलं. उत्तर आलं, १०० टक्के भरलेली. पोस्टग्रेस आधीच हाय खाऊन बंद पडलेलं. जागा कोणी खाल्ली ते शोधलं, तर 'पीजी एक्सलॉग' नावाचं फोल्डर ४० जीबीपर्यंत फुगलेलं. आत अडीच हजार फायली, प्रत्येक बरोबर १६ एमबीची, आणि प्रत्येकीचं नाव म्हणजे २४ आकडे-अक्षरांची एक निरर्थक माळ.

नावात 'लॉग' होतं. लॉग म्हणजे सर्व्हरची बडबड, कोण आलं, कोण गेलं, कोणाचा पासवर्ड चुकला. साठली की फेकून द्यायची. हे मी कुठेतरी वाचलं होतं, आणि दुसऱ्या ठिकाणी चार वेळा केलंही होतं. मी 'आरएम' ही पुसायची आज्ञा लिहिली, पुढे 'सगळ्या' या अर्थाचा तारा काढला आणि एंटर दाबलं.

काळा पडदा काही बोलला नाही. काम झालं की तो गप्पच बसतो. वस्तू फळीवर ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळणाऱ्या लक्ष्मी रोडवरच्या जुन्या दुकानदारासारखा. जागा मोकळी झाली होती. मी पोस्टग्रेस सुरू करायला गेले. त्याने 'पॅनिक' असं लिहिलं आणि पुढे सांगितलं की वैध चेकपॉइंटची नोंद सापडत नाही.

मी सरांना हाक मारली. सर आले, मागे उभे राहिले, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "हात वर." मला आधी कळलंच नाही. "कीबोर्डवरून हात काढ."

त्यानंतरच्या दहा तासांत मी जे शिकले त्याची शिदोरी अजून पुरतेय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डेटाबेसमध्ये एखादी नोंद केली की ती थेट आपल्या जागी जाऊन बसते असा माझा समज होता. तसं होत नाही. खात्यांच्या फायली अवाढव्य असतात आणि एका व्यवहारात त्यांतल्या चार ठिकाणी बदल करावा लागतो. खातेदाराची शिल्लक, रोख खातं, पावतीची नोंद, शिवाय इंडेक्स, म्हणजे नोंद शोधायची सूची. चारांपैकी दोन जागा लिहून झाल्यावर वीज गेली तर? म्हणून पोस्टग्रेस आधी एका वेगळ्या वहीत ओळीने लिहून ठेवतं, 'अमुक पानावर असा बदल करायचा आहे.' ती ओळ डिस्कवर पक्की उतरली की मगच काउंटरवरच्या बाईंना 'झालं' असं सांगतं. खात्यांची मूळ पानं तोवर मेमरीतच बदललेली असतात. सवडीने, चेकपॉइंटच्या वेळी, ती डिस्कवर जातात. मध्येच वीज गेली तर उठल्यावर ती वही शेवटच्या चेकपॉइंटपासून वाचून काढायची आणि राहिलेले बदल पुन्हा करायचे. त्या वहीच्या १६-१६ एमबीच्या फायली 'एक्सलॉग'मध्ये असतात. मी ती वही फाडली होती.

मुळात ती एवढी फुगली का, तर त्याला आम्हीच कारण. वहीच्या भरलेल्या फायलींची प्रत बाहेरच्या एका यूएसबी डिस्कवर जावी अशी व्यवस्था आम्ही लावली होती. दर ५ मिनिटांनी नवी फाइल, कामाच्या १० तासांत १२० फायली, दिवसाला जवळजवळ २ जीबी. त्या डिस्कची केबल तीन आठवड्यांपूर्वी निसटली होती. प्रत निघाल्याची खात्री होत नाही तोवर पोस्टग्रेस मूळ फाइल टाकत नाही. ते इमानदारीने सांभाळत बसलं आणि सांभाळता सांभाळता बुडालं. प्रत निघत नाही ही तक्रार ते खऱ्याखुऱ्या लॉगमध्ये, त्या बडबडीच्या फाइलमध्ये, तीन आठवडे लिहीत होतं. ती आमच्यापैकी कोणीच उघडली नव्हती. म्हणजे वाचायची ती वाचली नाही, आणि ठेवायची ती फेकली.

सर स्कूटरवरून दुसरी डिस्क घेऊन स्वतः पतसंस्थेत गेले, मी मागे बसले. पहिलं काम त्यांनी कुठलं केलं असेल तर त्या मोडक्या डेटाबेसची आहे तशी पूर्ण प्रत काढली. "आता जे काही करायचं ते प्रतीवर. मूळ मढं हलवायचं नाही." मग प्रतीवर एक्सलॉग रीसेट करणारं हत्यार चालवलं. पोस्टग्रेस सुरू झालं! मी उडीच मारली असती. सरांनी दिवसभराच्या व्यवहारांतली पाच-सात खाती उघडली. एकाच्या नोंदींत ५०० रुपये जमा दिसत होते, शिल्लकेत ते नव्हते. दुसऱ्याच्या शिल्लकेत होते, नोंद गायब. अर्धी पानं डिस्कवर पोचली होती, अर्धी मेमरीबरोबर गेली होती, आणि कुठली कुठली हे सांगणारी एकमेव वही मी पुसली होती.

"हे वापरायचं नाही," सर म्हणाले. "चुकलेलं दिसतंय ते परवडलं. बरोबर दिसतंय त्यातलं काय चुकलंय ते कसं कळणार?"

मग पेनड्राइव्ह. रोज संध्याकाळी दिवसअखेर झाली की 'पीजी डंप' चालायचा आणि त्याची प्रत पेनड्राइव्हवरून व्यवस्थापकांच्या पिशवीत, डब्याशेजारी, कोथरूडला जायची. ही व्यवस्थाही सरांचीच. पीजी डंप म्हणजे सगळा डेटाबेस पुन्हा कसा उभा करायचा याची लेखी कृती. अशी टेबलं करा, त्यांत हे हे भरा. साधा मजकूर, उघडून वाचता येतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सर मला तो डंप ऑफिसातल्या एका रिकाम्या मशिनवर भरायला लावत आणि त्यावरून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, काढून संस्थेच्या छापील तेरजेशी पैसा न पैसा जुळवायला लावत. मी मनात चरफडायचे. दोन तास जायचे आणि नेहमी जुळायचंच.

त्या रात्री सोमवारचा डंप वीस मिनिटांत भरून झाला. राहिला मंगळवार. सकाळी साडेदहापासून चारपर्यंतचा. तो कुठे होता, तर पावती पुस्तकांत, कार्बनच्या निळ्या अक्षरांत, आणि पिग्मी एजंटांच्या खिशांतल्या डायऱ्यांत. काउंटरवरच्या बाई थांबल्या, व्यवस्थापक थांबले, समोरच्या अमृततुल्यमधून दोनदा चहा आला. बाई वाचायच्या, मी टाइप करायचे. ३१२ पावत्या. रात्री दीड वाजता मेळ घेतला तर ५० रुपयांचा फरक. तीनदा तपासलं. सर म्हणाले, अनामतला टाका आणि घरी जा. अनामत म्हणजे उलगडा होईपर्यंत फरकाची रक्कम ठेवायचं खातं.

घरी आजोबा जागे होते. वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांची झोप तशीही अडीच-तीन तासांवर आली होती. मी पानावर बसले आणि जमेल तसं सांगितलं. डेटाबेस, फाइल, चेकपॉइंट हे त्यांना सांगायचं कसं, म्हणून मी म्हटलं, एक वही असते ज्यात घडेल तसं ओळीने लिहितात, आणि दुसरी असते ज्यात खात्याप्रमाणे लावतात.

"म्हणजे कीर्द आणि खतावणी," आजोबा म्हणाले. "मग तू कीर्द फाडलीस? अगं, खतावणी गेली तर कीर्दीवरून उभी करता येते. कीर्द गेली तर उरलेली खतावणी खरी कशावरून?"

सरांनी तिजोरीच्या खोलीत सांगितलं ते आणि हे एकच होतं. फरक इतकाच की सर ते पोस्टग्रेसच्या पुस्तकातून शिकले होते आणि आजोबा भवानी पेठेत.

आजोबा भवानी पेठेतल्या एका भुसार दुकानात दिवाणजी होते. राहायला नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावरच्या वाड्यात. १९६१ च्या जुलैत खतवायचं काम तुंबलं होतं, म्हणून ते चालू सालची खतावणी घरी आणून रात्री कंदिलावर बसत. १२ जुलैला, बुधवारी, सकाळी पानशेत फुटलं. मग खडकवासल्यानेही हात टेकले आणि पाणी गावात शिरलं. आजी, दोन मुलं आणि अंगावरचे कपडे, एवढं घेऊन आजोबा पर्वतीच्या दिशेने निघाले. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा वाड्याची एक बाजू बसली होती आणि उरलेल्या बाजूत छातीएवढा चिखल होता. ही गोष्ट पुण्यातल्या अनेक घरांत अशीच सांगतात. आम्ही गोखलेनगरात पूरग्रस्तांच्या वसाहतीत आलो तेही त्यामुळेच. पण खतावणीचा भाग मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला.

खतावणी गेली. कीर्द दुकानात होती, भवानी पेठेत, सुखरूप. मागच्या दिवाळीचा ताळेबंदही तिथेच होता. आजोबांनी पाडव्याच्या शिल्लका नव्या वहीत उतरवून घेतल्या आणि पाडव्यापासून जुलैपर्यंतची जवळजवळ नऊ महिन्यांची कीर्द ओळीने वाचत पुन्हा खतवली. श्रावणात बसले ते दिवाळीच्या तोंडावर उठले. दिवसा चालू व्यवहार, रात्री मागचे.

पोस्टग्रेसमध्ये याला 'पॉइंट इन टाइम रिकव्हरी' म्हणतात. एक जुनी पूर्ण प्रत घ्यायची आणि तिच्यावर त्यानंतरच्या एक्सलॉगच्या फायली एकामागून एक चढवत न्यायच्या, हव्या त्या मिनिटापर्यंत. म्हणून तर त्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर पाठवायची. मी ही व्यवस्था स्वतःच्या हाताने, कागदावरून बघून लावली होती. ती कशासाठी आहे ते मला समजलं ते असं, पहाटे सव्वादोनला, आमटीभाताच्या ताटावर.

आजोबांच्या धंद्यातला आणखी एक दंडक होता, तो मला पुढे बऱ्याच वर्षांनी पोस्टग्रेसमध्ये पुन्हा भेटला. वहीत खाडाखोड करायची नाही. आकडा चुकला तर त्यावर आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी नवा लिहायचा. पोस्टग्रेसही जुनी ओळ पुसत नाही. बदल करायचा म्हटलं की ओळीची नवी आवृत्ती लिहितं आणि जुनीवर खूण करतं की ही अमुक क्रमांकाच्या व्यवहारापासून बाद. त्याआधी वाचायला बसलेला कोणी असेल तर त्याला जुनीच दिसते, त्याचं वाचन मध्येच हलत नाही. कोणालाच लागत नाहीत अशा मेलेल्या ओळी मग 'व्हॅक्यूम' येऊन झाडून नेतो. हल्ली तो आपोआप फिरतो. काही हुशार लोक सर्व्हर मंद वाटतो म्हणून त्याला बंद करतात. अशांकडचं पोट सुटलेलं टेबल मी पाहिलंय, ४ लाख जिवंत ओळी आणि जागा मात्र ४ कोटींची. त्यातलं आणखी एक गौडबंगाल म्हणजे व्यवहारांचे क्रमांक ३२ बिटांत मावतात, म्हणजे साधारण ४ अब्जांनंतर पुन्हा पहिल्यापासून, आणि व्हॅक्यूमने जुन्या ओळी वेळेवर गोठवल्या नाहीत तर चक्र पुरं व्हायच्या आधीच सर्व्हर नवं काही लिहून घ्यायचं नाकारतो. पतसंस्थेच्या आयुष्यात तेवढे व्यवहार होत नाहीत. पण मला हे आवडतं. मेळ बसणार नाही असं दिसलं की वहीच मिटून ठेवणारा दिवाणजी.

आता चहाची गोष्ट. ही २०१३ ची. याच पतसंस्थेत तक्रार आली की काही सभासद शोधून सापडत नाहीत, म्हणून बाई त्यांचं नवं खातं उघडतात आणि मग एकाच माणसाची दोन खाती होतात. नावं बघितली तर कऱ्हाडकर, गोऱ्हे, बऱ्हाटे अशी. पडद्यावर दोन्ही खात्यांतलं नाव तंतोतंत सारखं. पण डेटाबेसला विचारलं की 'कऱ्हाडकर' किती बाइटचं, तर एक म्हणाला २४ आणि दुसरा २७. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, म्हणजे एका नावात काहीतरी एक चिन्ह जास्त होतं, न दिसणारं. हा ऱ्ह दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे नुक्त्यासारखा टिंब असलेला ऱ वापरून. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यापुढे 'झेडडब्ल्यूजे' नावाचा एक अदृश्य सांधा. वेगवेगळ्या कीबोर्डांवर वेगवेगळी सवय. डोळ्यांना दोन्ही सारखे, डेटाबेसला ती दोन वेगळी माणसं. 'काय दिसतंय ते वाच' या सरांच्या पालुपदाला इथे पहिल्यांदा तडा गेला. दिसत होतं ते पुरेसं नव्हतं, मोजावं लागत होतं.

दुरुस्ती सोपी होती. सगळीकडे एकच रूप करायचं. एव्हाना मी शहाणी झाले होते, म्हणून आधी 'बिगिन' लिहिलं. बिगिन म्हणजे आता जे करतेय ते 'कमिट' म्हणेपर्यंत कच्चं, वाटलं तर 'रोलबॅक' म्हणून माघार घेता येईल असं. मग अपडेट. उत्तर आलं, २१४ ओळी बदलल्या. मी आधी त्याच अटीवर सिलेक्ट करून मोजल्या होत्या तेव्हाही २१४ च आल्या होत्या. सगळं शिस्तीत. एवढ्यात कोणीतरी म्हणालं चहा, आणि मी उठले.

परत आले तर सर फोनवर. पलीकडे काउंटरवरच्या त्याच बाई. "सगळ्यांची नाही हो, काहीच लोकांची एन्ट्री अडकतेय. पडदा नुसता फिरत राहतो." कोणाची अडकतेय? बाईंनी रांगेतली नावं वाचून दाखवली. एक कऱ्हाडकर, एक बऱ्हाटे. आणि एक गोऱ्हे आताच चिडून निघून गेले.

माझा कमिट राहिला होता. बदललेल्या २१४ ओळी मी धरून ठेवल्या होत्या आणि त्या सभासदांच्या ओळीत शेवटच्या व्यवहाराची तारीख लिहायला आलेली प्रत्येक पावती माझ्या चहाच्या मागे रांगेत उभी होती. बाकीचं गाव सुरळीत चाललेलं. ऱ्ह आडनावात असलेले, त्यांतलेही अदृश्य सांध्यावाले तेवढे खोळंबले. सरांनी चालू जोडण्यांची यादी पडद्यावर आणली, 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी', आणि बोटाने दाखवलं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'. म्हणजे व्यवहार उघडा टाकून रिकामी बसलेली. माझ्या गोपनीय अहवालात कोणी इतकं नेमकं लिहिलं नव्हतं.

अशा वेळी जोडणी तोडायच्या दोन रीती आहेत. एकीत चालू आज्ञा तेवढी थांबवतात, दुसरीत जोडणीच संपवतात. आयडल बसलेल्याला पहिलीचा उपयोग नाही, थांबवायला काही चालूच नसतं. तिसरी रीत म्हणजे लिनक्समधून त्या प्रक्रियेला 'किल उणे नऊ', आणि ती कोणी सुचवली तर त्याच्याही हातांना 'हात वर' म्हणावं. एका जोडणीचा असा खून झाला की मेमरी बिघडली असेल या शंकेने पोस्टग्रेस उरलेल्या सगळ्यांना बाहेर काढतं आणि कीर्द वाचत पुन्हा उठतं. मी नुसतं कमिट लिहिलं. गोऱ्हे दुसऱ्या दिवशी आले म्हणतात.

पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, व्यवहार उघडा असला की प्रॉम्प्टमध्ये आपोआप एक तारा दिसतो. त्याआधीही तो लावून घेता यायचा, मला ठाऊक नव्हतं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांकडे याहून प्रेमळ सोय आहे. 'व्हेअर', म्हणजे कुठल्या ओळी ती अट, न लिहिता अख्खं टेबल डिलीट करायला निघालेल्याला अडवण्याचा एक पर्याय आहे, सेफ अपडेट्स. त्याचं अधिकृत दुसरं नाव आहे 'आय ॲम अ डमी', म्हणजे मी मठ्ठ आहे. ते लिहूनच आत शिरायचं. मी लिहिते. लाज कसली.

मोठ्यांचंही असंच होतं हे कळलं २०१७ मध्ये. ३१ जानेवारीच्या रात्री गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर रिकामं करायला घेतलं आणि ते होतं मुख्य सर्व्हरवर. नावांत एकाच आकड्याचा फरक, डीबी १ आणि डीबी २. लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार उरले होते. त्याहून वाईट म्हणजे रोजचा पीजी डंप कितीतरी दिवस निघतच नव्हता. सर्व्हरवरचं पोस्टग्रेस ९.६ आवृत्तीचं आणि डंप काढणारा प्रोग्रॅम ९.२ चा, तो चुपचाप नापास व्हायचा, आणि नापास झाल्याच्या मेल पोचायच्याच नाहीत. सुदैवाने त्याच इंजिनिअरने सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने एक प्रत काढली होती, तिच्यावरून सावरलं. त्यांनी हे काही लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना थेट प्रक्षेपण केलं. मी ते ऑफिसात बसून बघत होते आणि मला तिजोरीच्या खोलीतला, पासबुकांच्या धुळीचा वास येत होता. ती केबलही अशीच निसटली होती. कोणी ओरडलं नाही म्हणून सगळं ठीक, असं आम्ही धरून चाललो होतो. तेव्हापासून माझ्या खऱ्या सर्व्हरांच्या खिडक्या लाल रंगाच्या आहेत, आणि दुसरा शनिवार मी चुकवत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पोस्टग्रेसची १० वी आवृत्ती आली. तिच्यात 'पीजी एक्सलॉग'चं नाव बदलून 'पीजी वॉल' केलं, आणि कारणही दिलं होतं. नावात लॉग बघून लोक ते फोल्डर पुसून टाकतात. जगभरातून इतक्या जणांनी ते पुसलं होतं की शेवटी नाव बदलावं लागलं. मला अगदी सामुदायिक माफी मिळाल्यासारखं वाटलं. आजोबांना सांगायला हवं होतं, पण ते त्याच्या आदल्या वर्षी गेले.

त्या ५० रुपयांचं सांगायचं राहिलं. आठ दिवसांनी एक पिग्मी एजंट डायरी घेऊन आला. मंगळवारी दुपारी एका चहावाल्याचे ५० रुपये घेतले, पावती बुधवारी फाडली. अनामतमधून काढून त्याच्या खात्यावर टाकले, मेळ बसला. मी घरी येऊन आजोबांना मोठ्या फुशारकीने सांगितलं आणि विचारलं, तुमची पुराची खतावणी शेवटी जुळली का?

ते उठले, माझ्याकडून माळ्यावरून एक लांबट वही काढवून घेतली. लाल खारव्यातली, दुकान बंद झालं तेव्हा मालकांच्या मुलाने त्यांनाच देऊन टाकलेली. शेवटच्या पानांपैकी एक उघडलं. वर त्यांच्या वळणदार अक्षरात 'अनामत', खाली नावे बाजूला एकच रक्कम, ३ रुपये १२ नये पैसे.

"हे सापडले नाहीत," ते म्हणाले. "दर पाडव्याला पुढे ओढले. दुकान बंद झालं त्या वर्षीसुद्धा."